काजूची पालवी आणि ढेकण्याची लाळ

12 नोव्हेंबर

पाऊस परतून तीन-चार आठवडे झाले. वरच्या अंगाच्या काजूंना तांबूस पालवी सुटली आहे, आणि आज सकाळी मोसमातला पहिला ढेकण्या दिसला. वेंगुर्ला-4 च्या एका खालच्या फांदीवर, अगदी शेंड्याच्या कोवळ्या फुटीवर. अंगाने जेमतेम पाऊण सेंटिमीटर, डोकं काळं, छाती तांबडी, पोट काळं-पांढरं, पाय आणि मिशा लांबच लांब. पाठीवर मधोमध एक उभा खुंट, वर बारीक गोल बोंडी असलेला. तो दिसला की दुसरी शंका घ्यायला नको.

भिंग घेऊन बराच वेळ उभी राहिले. ऊन चढलं की हे कीटक पानांआड जातात, म्हणून सकाळीच पाहून घ्यावं लागतं. मादी होती. तिने सोंड देठाला टेकवली, जागा चाचपली, मग सोंड मधेच कोपरात वाकली. वाकते ती बाहेरची म्यान. आतल्या सुया तेवढ्या झाडात शिरतात. थोड्या वेळाने तिने सोंड उचलली, बोटभर पुढे सरकली आणि पुन्हा तेच सुरू. जिथून ती उठली तिथली साल निरखून पाहिली. भोक असं कुठे दिसलंच नाही. त्या जागेभोवतीचा तिळाएवढा भाग मात्र ओलसर आणि किंचित पारदर्शक झाला होता.

फांदीला लाल दोरा बांधून ठेवला आहे.

13 नोव्हेंबर

कालचे ओलसर डाग आज तपकिरी झालेत, मधोमध काळपट. लांबट, कोनदार कडांचे. दोन डागांतून डिंकाचे थेंब आले आहेत. कीटक तिथे नाही, त्याने काल जे सोडलं ते अजून काम करतं आहे.

वर्गात शिकवताना मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि हा ढेकण्या यांची एकच यादी होते, कारण सगळ्यांची तोंडं एका घडणीची. चार सुया, बाहेरच्या दोन वाट पाडणाऱ्या, आतल्या दोन एकमेकींत अडकलेल्या. आतल्या दोघींच्या मधे दोन बारीक नळ्या तयार होतात. एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून अन्न वर येतं. इथपर्यंत सगळे सारखे. पण लाळेत काय आहे आणि ती कुठे सोडली जाते, यावर झाडाचं काय होणार ते ठरतं. तिथे ढेकण्या आणि मावा यांच्यात अंतर इतकं आहे की त्यांना एका ओळीत बसवायला मला दरवर्षी जड जातं.

ढेकण्या मिरीड कुळातला. या कुळातले कीटक कोवळ्या भागात सुया खुपसून त्या पुढे-मागे हलवतात, पेशी फोडतात आणि त्यांच्यावर पाचक लाळ सोडतात. लाळेतलं एक विकर पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर विरघळवतं. या विकराचं नाव पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज. प्रथिनं तोडणारी वेगळी, पिष्ट तोडणारं अमायलेज वेगळं. झाडातच अन्नाचा पातळ लगदा तयार होतो आणि कीटक तो ओढून घेतो. पचनाचा पहिला भाग त्याच्या पोटाबाहेर, आमच्या काजूच्या सालीखाली उरकलेला असतो. काल दिसलेला ओलसरपणा तो हाच.

काळं पडणं ही पुढची पायरी. काजूत फिनॉल वर्गातली द्रव्यं भरपूर असतात. धड पेशीत ती एका कप्प्यात आणि त्यांना जाळणारी विकरं दुसरीकडे. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचा काळा रंग होतो. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तशातलाच हा प्रकार. झाडाच्या दृष्टीने ही बचावाची धडपड आहे, आजूबाजूच्या पेशी स्वतः मरून वाट बंद करू पाहतात. पण फूट एवढी कोवळी आणि डाग एवढे जवळजवळ की या धडपडीत शेंडाच मरतो.

17 नोव्हेंबर

काकांनी खालच्या बागेतल्या काळ्या पडलेल्या फुटी तोडून आणल्या. म्हणाले, "धुक्यान करपली गे बाय पालवी."

धुकं त्या दिवसांत होतं हे खरंच. दमट, मळभाचे, थंडीचे दिवस ढेकण्याला मानवतात आणि धुकंही त्याच दिवसांत पडतं, म्हणून गावात पिढ्यान्‌पिढ्या बोल धुक्याला लागला आहे. त्यात भर म्हणून मेलेल्या भागावर दोन-चार दिवसांत बुरशी धरते, कोलेटोट्रायकम बहुतेक वेळा. मग बुरशीनाशकाची फवारणी होते. बुरशी तिथे असते, पण दार तिने उघडलेलं नसतं.

काकांना घेऊन त्याच झाडाखाली गेले. एका फुटीवर पिल्लू होतं, केशरी-तांबूस, मुंगीहून थोडं मोठं. त्यांच्या हातात भिंग दिलं आणि कोवळ्या देठात रोवलेल्या अंड्यांची जागाही दाखवली. अंडं आत असतं, बाहेर दिसतात ते फक्त दोन पांढरे केस, एक आखूड, एक लांब. काकांची नजर अजून चांगली आहे. त्यांना ते माझ्याआधी सापडले. नंतर घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र शेजारच्या बागायतदारांना ओट्यावर बसवून तेच समजावून सांगत होते.

26 नोव्हेंबर

कॉलेजात प्रात्यक्षिक. मुलांनी ढेकण्याच्या छातीतून लाळग्रंथी काढल्या. मिठाच्या सौम्य पाण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, दोन बारीक चिमट्यांनी. ज्यांचे हात थरथरत नाहीत अशा दोन मुलींना ते साधलं. पिष्ट घातलेल्या आगरच्या थाळीत छोटे खळगे करून त्यांत ग्रंथींचा अर्क ठेवला, शेजारच्या खळग्यात नुसतं मिठाचं पाणी. काही तासांनी वर आयोडीन ओतलं. सगळी थाळी जांभळी-निळी, अर्काच्या खळग्याभोवती मात्र उजळ वलय. पिष्ट तिथलं संपलं होतं.

एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग कीटक नसला आणि नुसती लाळ टोचली तर डाग पडेल?"

हाच प्रश्न कॅलिफोर्नियात लायगस नावाच्या मिरीडावर काम करणाऱ्यांनी हाताळला आहे. लायगस लसूणघास आणि कापसाच्या कळ्यांचं नुकसान करतो. त्याच्या लाळग्रंथींतली प्रथिनं वेगळी काढून त्यांनी अतिसूक्ष्म सुईने फुलांत सोडली, आणि कीटक जवळपास नसताना फुलांवर कीटकाने केल्यासारखंच नुकसान झालं. 2005 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातही पेक्टिन तोडणाऱ्या विकराने सर्वांत जास्त विध्वंस केला. सुईने पडलेली जखम त्यापुढे नगण्य.

मुलाला हे सांगितल्यावर त्याने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

11 डिसेंबर

परसातल्या चवळीवर काळा मावा आला आहे. शेंड्यांवर आणि कोवळ्या शेंगांच्या देठांवर दाटीने. आज त्याच्यापाशी बसले, कारण ढेकण्याचा हिशेब डोक्यात असताना माव्याकडे पाहिलं की त्याची करामत जास्त कळते.

इतका मावा बसूनही चवळीवर काळा डाग एक नाही. शेंडे आकसलेत, वाढ खुंटली आहे, पण पेशी मेलेल्या नाहीत. माव्याला त्या मेलेल्या परवडणारच नाहीत. त्याला हवा असतो रसवाहिनीतला साखरेचा वाहता रस, आणि तो वाहतो जिवंत नळीतून. ती नळी जखमी झाली की स्वतःला बंद करून घेते. तेव्हा माव्याला तिच्यात शिरायचं, तासन्‌तास प्यायचं, आणि तिला जखमेचा पत्ता लागू द्यायचा नाही.

त्यासाठी त्याच्याकडे दोन प्रकारची लाळ आहे. पहिली बाहेर पडताच घट्ट होते. सुया पेशींच्या मधल्या फटींतून पुढे सरकत असताना ही लाळ त्यांच्याभोवती आवरण तयार करत जाते, आणि सुया त्या आवरणातून पुढे जातात. मावा उडून गेल्यावरही हे आवरण पानात शिल्लक राहतं. पानाचा पातळ काप रंगवला तर त्याची वाकडीतिकडी वाट सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला पीटर माइल्स यांनी कितीतरी वर्षं या आवरणाचा आणि ढेकूणवर्गाच्या लाळेचा अभ्यास केला. दुसरी लाळ पाण्यासारखी पातळ. वाटेत लागणाऱ्या पेशींना मावा क्षणभर टोचतो, चव घेतो, पुढे जातो. रसवाहिनीत पोहोचल्यावर प्यायच्या आधी तो ही पातळ लाळ आत सोडतो.

का सोडतो, याचं उत्तर 2007 मध्ये जर्मनीतल्या गीसनच्या टॉर्स्टन विल आणि सहकाऱ्यांनी दिलं. रसवाहिनी दुखावली की तिच्यात कॅल्शियम शिरतं आणि प्रथिनं फुगून वाट बुजवतात. शेंगवर्गीय झाडांत यासाठी फोरिसोम नावाचे प्रथिनांचे लांबट पुंजके असतात. कॅल्शियम मिळताच ते फुगतात, कॅल्शियम गेलं की पूर्ववत होतात. या मंडळींनी माव्याची लाळ गोळा केली, घट्ट केली आणि फुगलेल्या फोरिसोमवर सोडली. ते पुन्हा आक्रसले. लाळेतली प्रथिनं कॅल्शियमला धरून ठेवतात. मग त्यांनी मावा पीत असताना त्याच पानाचं टोक दूरवर चटका देऊन भाजलं. झाडाने नळी बंद करायला सुरुवात केली आणि माव्याने पिणं थांबवून परत लाळ सोडायला घेतली.

हे प्रयोग मी अनेकदा शिकवले आहेत. तरी चवळीच्या शेंड्यापाशी बसून, आत्ता या देठात हेच चाललं असणार असं मनात आलं की अंगावर शहारा येतो. झाड बंद करतंय, कीटक उघडतोय, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही हलताना दिसत नाही.

12 डिसेंबर

काल लिहायचं राहिलं. माव्याच्या सुया पानाच्या आत कुठे आहेत हे बाहेरून कळतं कसं, असं वहिनीने रात्री विचारलं. तिला सांगितलं ते इथेही नोंदवते.

1964 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅक्लीन आणि किन्सी यांनी माव्याला विजेच्या मंडलात बसवलं. माव्याच्या पाठीवर चांदीच्या रंगाने सोन्याची अतिबारीक तार चिकटवायची, दुसरी तार कुंडीतल्या मातीत. सुया झाडात शिरल्या की मंडल पूर्ण होतं आणि अत्यंत क्षीण प्रवाह वाहतो. लाळ सोडताना त्या प्रवाहाची लाट एका आकाराची, रस ओढताना दुसऱ्या आकाराची. पुढे नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनच्या त्यालिंगी यांनी ही पद्धत इतकी सुधारली की सुयांनी जिवंत पेशीचं आवरण भेदलं तर तो क्षणही नोंदला जाऊ लागला. आज भाताच्या तपकिरी तुडतुड्यांपासून पांढऱ्या माशीपर्यंत सगळ्यांच्या जेवणाचे आलेख असे काढले जातात. एखादी जात माव्याला दाद देत नाही म्हणजे नेमकं काय, हे त्यातून सांगता येतं: सालीतच अडवते, की रसवाहिनीपर्यंत येऊ देऊन तिथे पिऊ देत नाही.

वहिनीचा पुढचा प्रश्न, सोन्याचीच तार का? मऊ असते, पाठीवर ओझं होत नाही, मावा मोकळेपणी वळू शकतो.

15 डिसेंबर

चवळीच्या पानांवर चिकटा. उन्हात चमकतो.

रसवाहिनीतला रस साखरेने भरलेला आणि दाबाखाली असतो. 1953 मध्ये इंग्लंडमध्ये केनेडी आणि मिटलर यांनी पीत असलेल्या माव्याच्या सुया कापल्या. झाडात राहिलेल्या तुकड्यातून रस आपला आपण थेंबथेंब येत राहिला. म्हणजे माव्याला ओढायचे कष्टही फारसे नाहीत. अडचण वेगळी आहे. रसात साखर फार, आणि शरीर बांधायला लागणारी आवश्यक अमिनो आम्लं फार कमी. ती माव्याच्या पेशींत राहणारा बुकनेरा नावाचा जिवाणू तयार करून देतो. ही सोबत दहा कोटी वर्षांहून जुनी आहे. जास्तीची साखर तशीच राहिली तर माव्याच्या अंगातलं पाणी पोटात ओढून घेईल. म्हणून आतड्यातलं एक विकर साखरेचे रेणू जोडून लांब साखळ्या करतं आणि उरलेलं सगळं मागून बाहेर.

त्या बाहेर पडलेल्या गोडव्यावर काळ्या मुंग्या जमल्या आहेत. एका शेंड्यावर चित्रांग भुंगेऱ्याची अळी आली होती, मुंग्यांनी तिला हुसकावलं.

ढेकण्या असा गोड मागे ठेवत नाही. त्याला मुंग्या राखत नाहीत, मारतात. हे पुढे उपयोगाचं आहे.

20 डिसेंबर

सकाळपासून पलीकडच्या डोंगरावर फवारणीच्या एचटीपी पंपाचा आवाज. मोहोर दिसायला लागला की सगळीकडे हाच आवाज. शिफारस तीन वेळांची असते: पालवीला, मोहोराला, बी धरताना. वेळा बरोबर आहेत, ढेकण्याला कोवळा भाग मिळतो तो याच तीन टप्प्यांत. पण फवारणी कीड पाहून करायची असते ही अट कागदावर राहते आणि तारीख तेवढी पाळली जाते.

अशा दिवशी मला कासरगोड आठवतं. केरळच्या उत्तर टोकाला प्लांटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत तिथे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. कशासाठी? याच ढेकण्यासाठी. खाली गावं होती, उघड्या विहिरी होत्या, ओढे होते. पद्रेसारख्या गावांत जन्मतःच व्यंग घेऊन आलेली मुलं, मेंदूचे आजार, त्वचेचे आजार यांची नोंद स्थानिक डॉक्टर आणि पत्रकार करत राहिले, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं जायला फार वर्षं गेली. 2011 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. 2017 मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश झाला.

पाऊण सेंटिमीटरचा कीटक, जो फक्त कोवळ्या शेंड्यावर बसतो. त्याच्यासाठी आकाशातून डोंगरच्या डोंगर भिजवले. कीटक कुठे, कधी आणि काय करतो हे पाहून उपाय ठरवला असता तर हेलिकॉप्टरची कल्पनाच कोणाला सुचली नसती, असं मला मनापासून वाटतं, आणि दर डिसेंबरला त्या मुलांचे फोटो डोळ्यांसमोर येतात.

27 डिसेंबर

काल वरच्या बागेत मलमलीच्या पिशव्या बांधल्या. निरोगी मोहोराचे तुरे निवडले, काहींत एकेक ढेकण्या सोडला, काही पिशव्या रिकाम्या. आज, एका दिवसाने, कीटक काढून घेतले आणि पिशव्या परत बांधल्या.

28 डिसेंबर

रिकाम्या पिशव्यांतले तुरे जसेच्या तसे. कीटकवाल्यांत देठावर डागांची गर्दी. एकमेकांत मिसळल्यामुळे मोजणीला अर्थ उरला नाही. एक कीटक, एक दिवस.

31 डिसेंबर

कीटक काढून चार दिवस झाले आणि त्या पिशव्यांतल्या एका तुऱ्याचा वरचा अर्धा भाग आज पूर्ण वाळला. ज्या उपफांद्यांवर एकही डाग नव्हता त्याही वाळल्या, कारण खालच्या मुख्य देठाला डागांनी वेढलं आहे. वर पाणी पोहोचत नाही.

आता हे काकांना आकड्यांत पटवायला हवं. माव्याच्या बाबतीत संख्या महत्त्वाची. थोडा मावा झाडाला सोसतो, वाढला तर बघायचं, आणि मित्रकीटक आले तर आपोआप उतरतोही. ढेकण्याच्या बाबतीत थोडेच कीटक पुरे असतात आणि ते दिसतात तेव्हा त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. काळा पडलेला मोहोर पाहून फवारलेलं औषध हे झालेल्या नुकसानीवर पाणी. तो डाग काही केल्या परत हिरवा होत नाही. पाहायचं असतं ते नव्या फुटीवर ताजा, ओलसर डाग आहे का. ताजा डाग म्हणजे कीटक आज इथे आहे.

7 जानेवारी

भाऊचा फोन. त्याच्या भेंडीवर केवडा पडला, पानांच्या शिरा पिवळ्या. पांढऱ्या माशीवर दोनदा फवारलं तरी कसा आला, असं विचारत होता.

पांढरी माशी केवड्याचा विषाणू पिताना उचलते आणि लाळेतून दुसऱ्या झाडात सोडते. एकदा अंगात शिरला की तो तिच्या शरीरात फिरून लाळग्रंथींत येतो आणि ती बहुधा जन्मभर तो पसरवते. तिला मारून आधी लागण झालेलं झाड बरं होत नाही. पिवळी झाडं लगेच उपटून टाक, म्हटलं. माव्याने पसरवले जाणारे काही विषाणू तर याहून अवघड: मावा वाटेतल्या पेशीची क्षणभर चव घेतो ना, तेवढ्यात काम होतं. औषधाने मावा मरेपर्यंत तो दहा झाडं चाखून झालेला असतो.

याच पांढऱ्या माशीबद्दल 2021 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की तिच्याकडे एक जनुक मुळात वनस्पतीचं आहे. वनस्पती स्वतःच्या फिनॉलयुक्त विषांना निरुपद्रवी करण्यासाठी जे वापरतात, ते तिने कधीकाळी त्यांच्याकडूनच उचललं आणि आता त्यांच्याविरुद्ध वापरते. ते जनुक बंद पाडलं तेव्हा टोमॅटोवर बसलेल्या माश्या मेल्या.

माव्याचंही असंच एक प्रथिन आहे, सी-002 नावाचं, लाळग्रंथींत तयार होणारं. कॅन्ससच्या गटाने 2008 मध्ये वाटाण्याच्या माव्यात ते दाबून टाकलं. असा मावा झाडावर लवकर मरतो. कृत्रिम अन्नावर ठेवला तर जगतो. रोग, कमजोरी काही नाही, फक्त झाडातून पिणं जमत नाही. उद्याची औषधं कदाचित या दिशेने येतील, बाकी कशाला धक्का न लावता एका किडीची लाळ निकामी करणारी. मी त्याची फार वाट पाहते आहे.

16 जानेवारी

आज काकांबरोबर सगळी बाग फिरले. खालच्या अंगाला, कुंपणाजवळच्या आंबा-फणसाच्या शेजारी जे काजू आहेत त्यांच्यावर हुमले आहेत, पानं शिवून घरटी करणारे तांबडे. त्या झाडांवर करपलेला मोहोर शोधावा लागला. वरच्या अंगाला हुमले नाहीत, तिथे झाडागणिक काळे तुरे.

हा योगायोग नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात रेंकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजूच्या बागांत वर्षानुवर्षं हेच तपासलं. तिथला ढेकण्या वेगळ्या जातीचा, पण हुमल्यांच्या झाडांवर त्याची डाळ शिजत नाही. चीनमध्ये इसवी सन 304 च्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रंथात संत्र्याच्या बागांसाठी बाजारात पिशव्या भरभरून हे मुंगळे विकले जात असल्याची नोंद आहे.

आणि हुमले झाडावर टिकतात ते गोडावर. काजूच्या पानांवर आणि मोहोरावर स्वतःच्याच मधाच्या बारीक ग्रंथी असतात. त्याशिवाय खवले किडी आणि काही तुडतुडे जो चिकटा सोडतात तोही हुमले गोळा करतात. म्हणजे रसवाहिनीतून सबुरीने पिणारी ती किरकोळ कीड पहारेकऱ्याचा पगार भरते आणि पहारेकरी पेशी फोडणाऱ्याला हाकलतो. सरसकट फवारणी केली की खवले किडी जातात, हुमले जातात, आणि ढेकण्या शेजारच्या बागेतून आठवड्याभरात परत येतो.

काकांना हुमल्यांचा राग. "चावतत मेले," म्हणाले. आंबा उतरवताना ते खरंच छळतात. पण काजूची बी खाली पडल्यावर गोळा करायची असते, झाडावर चढायचं नसतं. हे म्हटल्यावर काका थांबले आणि वर पाहत राहिले.

ठरलं ते असं: हुमल्यांच्या झाडांवर यंदा पंप न्यायचाच नाही. वरच्या अंगाला ज्या झाडांवर ताजे डाग दिसतील तेवढ्यांनाच, तेही मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. नवी लागवड करायची तिथे भास्करा लावून पाहायची. पुत्तूरच्या काजू संशोधन केंद्राची ही जात मुळात गोव्यातल्या निवडीतून आलेली आणि मोहोर उशिरा येत असल्याने ढेकण्याच्या भराच्या दिवसांतून बरीचशी निसटते.

24 जानेवारी

आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे. खाली उभं राहिलं तर पानांवर त्यांच्या उड्यांचा बारीक आवाज येतो. चिकटा आणि त्यावर काजळी. हेही रसवाहिनीवाले. आंब्याचं वेगळ्या वहीत.

5 फेब्रुवारी

खालच्या अंगाला हिरव्या बिया धरल्या आहेत. वरच्या अंगाला काही कोवळ्या बियांवर काळे खोलगट डाग. अशा बहुतेक गळतील. ज्या टिकतील त्यांचं कवच आता टणक होईल आणि ढेकण्याला त्यात रस उरणार नाही.

हुमले वर न्यायचे आहेत. झाडाझाडांमध्ये सुंभ बांधायचा, त्यावरून ते आपोआप जातात. पण त्याआधी कोणतं झाड कोणत्या वसाहतीचं हे नक्की करायला लागेल. दोन वेगळ्या वसाहती सुंभाने जोडल्या तर हुमले आपसात लढून मरतात आणि बाग पुन्हा उघडी पडते. सोपी परीक्षा आहे: एका झाडावरचे थोडे हुमले दुसऱ्यावर सोडायचे. मिशा लावून वाट दिली तर एकाच वसाहतीचे, धरून ताणायला लागले तर वेगळे. काकांनी खुणेसाठी चुना कालवून ठेवला आहे. एका वसाहतीच्या झाडांना एक पट्टा, दुसरीच्या झाडांना दोन. सुरुवात फणसापासून.